डोकेदुखी घालवायची असेल तर येऊ नका

(दृश्य: रंगूनची जुनी छायाचित्रं)

रंगून, 1955. सत्यनारायण गोयंका, वय 31. मारवाडी घर, चालता धंदा, समाजात मान. आणि अर्धशिशी. ती इतकी, की मॉर्फिन टोचून घ्यावं लागे. युरोप, अमेरिका, जपानचे डॉक्टर झाले, उतार पडेना. मग ते गेले विपश्यना ध्यान शिकवणाऱ्या सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे. हे गुरू कुणी संन्यासी नव्हेत, ब्रह्मदेश सरकारचे महालेखापाल राहिलेले अधिकारी! त्यांनी ऐकून घेतलं आणि नाही म्हणाले. डोकेदुखी घालवायला येणार असाल तर येऊ नका. मनाचे विकार घालवायचे असतील तर या.

(दृश्य: इगतपुरी, धम्मगिरी)

त्यांच्याकडून विपश्यना शिकून गोयंका 1969 मध्ये भारतात आले. 1976 पासून इगतपुरीच्या धम्मगिरी केंद्रात विपश्यनेची दहा दिवसांची शिबिरं भरू लागली. कसारा घाट चढून आजही मुंबईची माणसं इथे येतात, कुणी झोप उडाली म्हणून, कुणी नोकरीत जीव रमत नाही म्हणून. प्रत्येकाची आपापली डोकेदुखी.

आल्या आल्या फोन जमा. वही-पेनसुद्धा नाही. पहाटे चारला घंटा, अकराला जेवण. संध्याकाळी जुन्या, म्हणजे आधी शिबिर केलेल्या, साधकाला नुसतं लिंबूपाणी. बोलायचं नाही, खुणाही करायच्या नाहीत. पहिले तीन दिवस फक्त श्वास बघायचा. चौथ्या दिवशी विपश्यना, म्हणजे अंगावरच्या संवेदना नुसत्या बघायच्या, आणि अधिष्ठान: तासभर हात-पाय हलवायचे नाहीत, डोळे उघडायचे नाहीत.

गुडघ्यात कळ येते, तिथून खरं शिबिर सुरू होतं. कळ जावी असं वाटतं. अंगावरून एखादी सुखद लहर गेली, की ती टिकावी असं वाटतं. बढतीसाठी, मोठ्या फ्लॅटसाठी बाहेर जी ओढाताण चालते, तीच इथे मांडी घालून बसल्या जागी दिसते. मला तरी या दहा दिवसांत हेच सगळ्यांत मोलाचं वाटतं.

एका व्यापाऱ्यानं उभ्या केलेल्या या कामात बिल मात्र नाही. राहणं, जेवण, शिकवणं, सगळं विनामूल्य. दान घेतात ते शिबिर पूर्ण केलेल्यांकडूनच, तेही इच्छा असेल तर. शहरी माणूस याने जरा अवघडतो. पैसे मोजले असते तर निदान तक्रार करता आली असती!

हे सगळ्यांसाठी नाही. गंभीर मानसिक आजार असलेल्यांनी येऊ नये, असं केंद्रच सांगतं.

(दृश्य: दहावा दिवस, फुटलेलं मौन, गलका)

दहाव्या दिवशी मौन सुटतं आणि सगळे एकदम बोलू लागतात. निघताना सांगितलं जातं: रोज सकाळी एक तास, संध्याकाळी एक तास बसा. आता डोंबिवलीहून सीएसएमटी गाठणाऱ्यानं हे दोन तास झोपेतून काढायचे की घरच्यांच्या वाट्याचे, ते ज्याचं त्यानं बघायचं.