अरबी समुद्राचं तापमान कोणाच्या मालकीचं?

(दृश्य: खुला समुद्र. लाटांमधून वर आलेली एक बारीक अँटेना.)

रत्नागिरीहून नाकासमोर पश्चिमेला निघालं, तर सुमारे 2000 किलोमीटरनंतर ओमानमधलं सलाला लागतं. मधे नुसतं पाणी. या पाण्यात हजार मीटर खोलीवर, प्रवाह नेईल तिकडे, पुरुषभर उंचीच्या काही नळ्या भरकटत असतात. त्यांना ना पंखा, ना सुकाणू. आर्गो फ्लोट म्हणतात त्यांना.

दर दहा दिवसांनी प्रत्येक नळी एक फेरी मारते. आधी 2000 मीटरपर्यंत बुडी, मग सरळ वर. पोटातलं तेल बाहेरच्या रबरी पिशवीत ढकललं की नळीचं आकारमान वाढतं आणि ती वर येऊ लागते. तेल परत आत ओढलं की खाली जाते. वर येता येता ती पाण्याचं तापमान, क्षारता आणि दाब मोजते, पृष्ठभागावर आली की आकडे उपग्रहाकडे पाठवते आणि पुन्हा बुडते. बॅटरी टिकेल तोवर, म्हणजे साधारण चार-पाच वर्षं, हाच उद्योग. नंतर तिला शोधायला सहसा कोणी जात नाही.

जगभरच्या समुद्रांत अशा सुमारे 4000 नळ्या आहेत, वेगवेगळ्या तीसेक देशांनी सोडलेल्या. भारत 2002 पासून सोडतो आहे. आपल्याकडे हे काम पाहते ‘इन्कॉइस’ ही संस्था, आणि ती आहे हैदराबादला. समुद्राचा अभ्यास करायला समुद्रकिनारी राहावं लागत नाही, हे तिथे गेल्यावर पटतं.

इथवर सगळं यंत्राचं कौतुक झालं. नवलाची गोष्ट पुढची आहे. नळीने पाठवलेले आकडे साधारण चोवीस तासांत सगळ्या जगासाठी खुले होतात. फुकट. ज्या देशाने नळीचे पैसे भरले त्याला आधी आणि इतरांना नंतर, असला प्रकार नाही.

(दृश्य: पाणबुडी. सोनारचा पडदा.)

यात नवल ते काय, असं वाटेल. पाण्याचं तापमान हे काय गुपित आहे? तर हो, होतं. समुद्रात खोल जाताना तापमान एकसारखं उतरत नाही. एका थरात ते झपाट्याने घसरतं आणि पाणबुडी शोधायला सोडलेल्या आवाजाच्या लहरी त्या थरापाशी वाकतात. हा थर नेमका कुठे आहे हे ज्या पाणबुडीला ठाऊक, तिला त्याच्याखाली लपता येतं. त्यामुळे शीतयुद्धाच्या काळात खोल पाण्याच्या तापमानाचे कितीतरी तक्ते नौदलांच्या कपाटांत कुलूपबंद राहिले.

आणि तरीही वाटून घेण्याची परंपरा त्याहून जुनी आहे. अमेरिकी नौदलातला मॅथ्यू मोरी हा अधिकारी 1840च्या दशकात जहाजांच्या कप्तानांशी सरळ व्यवहार करायचा: तुमच्या नोंदवहीतले वारे-प्रवाह मला द्या, मी तुम्हाला त्यांवरून केलेले नकाशे फुकट देतो. 1853 साली ब्रसेल्सला दहा देश जमले आणि समुद्रावर नोंदी कशा घ्यायच्या, कोणत्या रकान्यात काय लिहायचं, हे ठरवून उठले. हवामानशास्त्रातला आंतरराष्ट्रीय सहकार्याचा पाया इथे पडला, असं मानतात. बैठकीचा विषय काय, तर रकाने! इतिहासाच्या पुस्तकांत अशा बैठकांना जागा मिळत नाही, पण माझ्या मते पुष्कळ लढायांपेक्षा त्यांनी जास्त काम केलं आहे.

पुढे 1957-58च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षात जागतिक डेटा केंद्रं निघाली, एक अमेरिकेत, एक सोव्हिएत संघात. दोन्हीकडे तीच माहिती, म्हणजे एकाने दार लावलं तरी दुसरीकडे ती राहील. 1961 साली युनेस्कोच्या आंतरशासकीय समुद्रविज्ञान आयोगाने समुद्री माहितीच्या देवाणघेवाणीची कायमची व्यवस्था उभी केली. ती आजही चालू आहे.

(दृश्य: कोची. जाळ्यातून काढलेले प्लवकांचे नमुने, काचेच्या बाटल्या.)

आपला संबंध इथून येतो. 1960च्या दशकात हिंदी महासागराची मोठी आंतरराष्ट्रीय मोहीम झाली. अनेक देशांची जहाजं पाण्यात उतरली. प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव, प्रत्येकाने आपापल्या जाळ्याने धरले असते, तर नमुन्यांची तुलनाच झाली नसती. एकाच्या जाळ्याची भोकं मोठी, दुसऱ्याची लहान. म्हणून या मोहिमेसाठी एकच प्रमाण जाळं ठरलं आणि नमुने निवडायला कोचीला एकाच केंद्रात आले. त्याच मोहिमेतून पुढे 1966 साली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था जन्मली. तिचं मुख्यालय गोव्यात दोना पावलाला आहे.

(दृश्य: संगणकाचा पडदा, फायलींची यादी.)

आता त्या नळीच्या आकड्यांकडे परत येऊ. प्रत्येक नळीला सात आकडी क्रमांक असतो. तिच्या प्रत्येक फेरीची एक फाईल बनते आणि फाईलचं नाव इंग्रजी ‘आर’ अक्षराने सुरू होतं. याचा अर्थ: ताजा माल, यंत्राने तपासलेला. ही तपासणी ऐकायला गमतीची आहे. तारीख शक्य आहे का? नळी जमिनीवर तर दाखवत नाही ना? दहा दिवसांत ती अशक्य वेगाने तर धावली नाही? प्रत्येक आकड्याच्या शेजारी शेरा पडतो. 1 म्हणजे चांगला, 4 म्हणजे वाईट, मधे 2 आणि 3, संशयाचे.

मग काही महिन्यांनी, कधी वर्षाने, एखादा माणूस ती फाईल उघडून बसतो. क्षारता मोजणाऱ्या संवेदकावर शेवाळ धरतं, तो हळूहळू चुकू लागतो. शेजारच्या नळ्यांशी, जहाजांवरून घेतलेल्या अचूक मोजमापांशी ताडून पाहत तो माणूस ती चूक दुरुस्त करतो, आणि फाईलच्या नावातल्या ‘आर’चा ‘डी’ होतो. मूळ आकडा पुसत नाहीत. दुरुस्त आकडा शेजारी लिहितात. समुद्राच्या डेटाचं धोरण म्हणजे भारदस्त ठराव असं वाटत असेल, तर त्यातलं निम्मं काम हे असं आहे, चिवट आणि कंटाळवाणं.

ते केलं नाही तर काय होतं, याचा एक चांगलाच गाजलेला दाखला आहे.

(दृश्य: आलेख. खाली घसरणारी रेषा.)

2006 साली जॉन लायमन, जॉश विलिस आणि ग्रेगरी जॉन्सन या अमेरिकी शास्त्रज्ञांचा शोधनिबंध आला. निष्कर्ष असा, की 2003 ते 2005 या काळात समुद्राचा वरचा थर थंड झाला. पृथ्वी तापते आहे असं सगळे म्हणत असताना समुद्र थंड! खळबळ उडणारच. पण इतर पुरावे जुळेनात. मग कळलं की अटलांटिकमधल्या काही नळ्या तापमान बरोबर मोजत होत्या, पण ते चुकीच्या खोलीच्या नावावर टाकत होत्या.

दुसरी भानगड जुन्या उपकरणाची. जहाजावरून तांब्याच्या बारीक तारेला जोडलेलं एक टोकदार उपकरण पाण्यात सोडत. ते तापमान मोजायचं, खोली मात्र मोजायचं नाही. किती सेकंद पडतंय त्यावरून खोलीचा हिशेब मांडायचा. हिशेबाचं सूत्र जरा चुकलं, की सगळे जुने आकडे थोडे जास्त गरम दिसतात. गरम बाजूला चुकलेल्या जुन्या नोंदींना थंड बाजूला चुकलेल्या नव्या नोंदी जोडल्यावर समुद्र थंड होणारच, कागदावर.

2007 साली त्याच शास्त्रज्ञांनी दुरुस्ती जाहीर केली. त्या काळात समुद्र थंड झाल्याचं दिसत नाही, असं त्यांनीच सांगितलं. आकडे खुले होते, कोणती नोंद कोणत्या नळीची हे लिहिलेलं होतं, म्हणून दोषी नळ्या वेगळ्या काढता आल्या. तारेच्या उपकरणाचं निस्तरायला मात्र फार वेळ लागला, कारण पुष्कळ जुन्या नोंदींत उपकरणाचं मॉडेल कोणतं, हेच कोणी लिहून ठेवलेलं नव्हतं. एक रकाना रिकामा राहिला, त्याची किंमत ही.

(दृश्य: नकाशा. किनाऱ्यापासून 200 सागरी मैलांची रेषा.)

मग मालकीचं काय? किनाऱ्यापासून 200 सागरी मैलांपर्यंत त्या-त्या देशाचं अनन्य आर्थिक क्षेत्र. तिथे परदेशी संशोधनाला त्या देशाची परवानगी लागते, हा 1982चा समुद्रविषयक कायदा. पण नळीला सीमा कळत नाही. खुल्या समुद्रात सोडलेली नळी वाहत कोणाच्याही क्षेत्रात शिरते. यावर बरीच घासाघीस होऊन 2008 साली युनेस्कोच्या त्याच आयोगाने मार्ग काढला. ज्या देशाला हवं असेल त्याला, नळी त्याच्या क्षेत्रात शिरण्याआधी कळवायचं. आणि तिथले आकडे तेल, खनिजं, मासे अशा साधनसंपत्तीच्या शोधाशी थेट निगडित आहेत असं सांगून त्या देशाने हरकत घेतली, तर तेवढे आकडे खुले करायचे नाहीत. बाकी सगळं सगळ्यांचं. मला ही तडजोड शहाणपणाची वाटते. सगळं खुलं करा असा हट्ट धरला असता, तर काही सरकारांनी नळ्याच येऊ दिल्या नसत्या.

आकडे वेळेत न पोचण्याची किंमत हिंदी महासागराने 26 डिसेंबर 2004ला मोजली. त्सुनामीत दोन लाखांहून जास्त माणसं गेली, आणि या महासागरात तेव्हा त्सुनामीचा इशारा देणारी यंत्रणाच नव्हती. आज भारत, ऑस्ट्रेलिया आणि इंडोनेशिया संपूर्ण महासागराला इशारे देतात. भारताचं केंद्र 2007 पासून इन्कॉइसमध्येच चालतं.

उलट, मुंबईच्या अपोलो बंदरावरच्या भरतीमापकाच्या नोंदी 1878 पासूनच्या आहेत. त्यांच्या मासिक सरासऱ्या लिव्हरपूलच्या जागतिक संग्रहात कोणालाही पाहता येतात. समुद्राची पातळी वाढते आहे असं हिंदी महासागराबद्दल आज ठामपणे बोलता येतं, त्यात या एका बंदराचा वाटा मोठा आहे.

(दृश्य: नकाशावर पसरलेले ठिपके.)

2023 साली आयोगाने नवं डेटा धोरण स्वीकारलं. सगळी माहिती एकाच ठिकाणी ओतण्याचा नाद आता सुटला आहे. ज्याची त्याच्याकडे राहो, फक्त प्रत्येकाची सूची एकमेकांच्या यंत्रांना वाचता आली पाहिजे, अशी दिशा आहे. सूची चोख ठेवायला माणसं लागतात आणि त्यांच्या पगाराची तरतूद बहुतेकदा प्रकल्प संपला की संपते. खरी अडचण इथे आहे, तंत्रज्ञानात नाही.

आर्गोच्या संकेतस्थळावरचा नकाशा उघडा. रत्नागिरी ते सलाला असा चौकोन आखा. त्यातल्या कुठल्याही ठिपक्यावर बोट ठेवलं, की त्या नळीच्या शेवटच्या फेरीचा आलेख येतो. पासवर्ड लागत नाही. शेरे बघायला मात्र विसरू नका. आकड्याशेजारी 4 असेल, तर तो सोडून द्या.