मराठी अक्षरं फुटली तर आधी नीट बघा

मंडळी, कॉम्प्युटरच्या शंभर तक्रारी असतात. मी आज एकच घेतो, कारण ती खास आपली, मराठीत काम करणाऱ्यांची आहे. फाइल उघडावी आणि मराठीच्या जागी भलतंच काहीतरी दिसावं. वाचनालयाची पुस्तकयादी असेल, सोसायटीचं इतिवृत्त असेल, कुणाच्या आजोबांनी टाइप करून ठेवलेल्या आठवणी असतील. माणूस घाबरतो आणि दुकानात फोन लावतो. तिकडून उत्तर येतं, "फॉरमॅट मारावा लागेल." मारू नका! यात मशीनचा दोष बहुधा नसतोच. आणि माझी कळकळीची विनंती आहे, ती फाइल तशा अवस्थेत सेव्हही करू नका. आधी पडद्यावर नेमकं काय दिसतंय ते बघा. अक्षरं ज्या तऱ्हेनं बिघडतात, त्यावरूनच कारण कळतं.

चौकोनी डबे दिसतायत? मग निश्चिंत राहा. मजकूर शाबूत आहे, फक्त त्या मशीनवर देवनागरीचा फॉन्ट नाही. तीच फाइल दुसरीकडे उघडा, स्वच्छ दिसेल.

इंग्रजी अक्षरं, कंस, टक्क्याची चिन्हं यांची सरमिसळ दिसत असेल तर फाइल जुनी आहे. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक चिन्हाला स्वतःचा क्रमांक देणारी पद्धत, १९९१ साली आलं, तरी आपल्याकडची छपाई आणि कार्यालयं पुढे कितीतरी वर्षं श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी अशा फॉन्टांवर चालली. त्या फॉन्टांची युक्ती अशी, की इंग्रजी अक्षराच्या जागेवर मराठी अक्षराचा आकार बसवायचा. कॉम्प्युटरच्या लेखी ते इंग्रजीच. फॉन्ट असला की मराठी दिसतं, फॉन्ट काढला की मूळ सोंग उघडं पडतं. इथं नेमका तोच फॉन्ट मिळवावा लागतो, किंवा कन्व्हर्टरनं, म्हणजे असं रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमनं, मजकूर युनिकोडमध्ये आणावा लागतो. त्याकडे पुन्हा येतो.

सगळ्यात जास्त माणसं अडकतात ती एक्सेलमध्ये. ऑनलाइन फॉर्ममधून आलेली नावांची यादी सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी यादी) म्हणून उतरवून घेतली, डबल क्लिक केलं, आणि डोक्यावर रेघा असलेली परकी अक्षरं रांगेनं उभी राहिली. जरा निरखून बघा. तिरकी रेघ असलेला एक छोटा इंग्रजी 'ए' (à) दर तिसऱ्या चिन्हाला परत येतो. युनिकोड मजकूर साठवायच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटमध्ये, म्हणजे साठवणीच्या तीन छोट्या घरांत, साठवतात आणि त्यातला पहिला बाइट कायम एकच असतो. एक्सेल त्या प्रत्येक बाइटला वेगळं युरोपी अक्षर समजतं. 'मराठी' या शब्दात काना आणि वेलांटी धरून पाच चिन्हं, म्हणून पडद्यावर पंधरा (त्यातलं एखादं नुसती कोरी जागा म्हणून दिसेल). फाइलला काहीही झालेलं नाही, वाचणारा चुकीच्या पद्धतीनं वाचतोय. ती बंद करा, सेव्ह न करता. कोरी एक्सेल शीट उघडा, 'डेटा' टॅबमधून टेक्स्ट किंवा सीएसव्ही फाइल आत घ्यायचा पर्याय निवडा, आणि 'फाइल ओरिजिन'मध्ये ६५००१, म्हणजे यूटीएफ-८, ठेवा. नावं जागच्या जागी येतात. परत सीएसव्ही करायची असेल तर 'सेव्ह ॲज'मध्ये 'सीएसव्ही यूटीएफ-८' हाच प्रकार घ्या.

हे मी एवढं ठासून सांगतोय, कारण नुसतं 'सीएसव्ही' निवडलं तर मराठीची प्रश्नचिन्हं होऊ शकतात. 'क'चंही प्रश्नचिन्ह, 'ळ'चंही प्रश्नचिन्ह. एकदा ती तशी फाइलमध्ये लिहिली गेली की कोणत्या चिन्हामागे कोणतं अक्षर होतं हे सांगणारं त्या फाइलमध्ये काहीच उरत नाही. फॉन्ट बदलून उपयोग नाही, कन्व्हर्टर नाही, कुठलाही तज्ज्ञ नाही. मग मूळ प्रत शोधायची: मेलमधली जोडणी, जुना पेनड्राइव्ह, फॉर्मचं खातं. कुणीतरी महिनाभर बसून भरलेली यादी अशी एका क्लिकनं जाते, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता कन्व्हर्टर. रूपांतरित मजकूर छान दिसला म्हणून मूळ फाइल पुसू नका. जुन्या फॉन्टांत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होई आणि रफार नंतर. युनिकोडमध्ये दोन्हींचा क्रम उलटा. कन्व्हर्टर घसरतो तो बहुधा इथंच, म्हणून 'वर्षी', 'कीर्ती', 'स्थिती' असे शब्द मुद्दाम तपासा. ठिपक्यांचं वर्तुळ आणि त्याला लटकलेली मात्रा दिसली, तर त्या मात्रेला तिचं अक्षर सापडलेलं नाही असं समजा. आणि 'शेतकऱ्यांना' हा शब्द डोळ्यांसमोर असूनही शोधून मिळत नसेल, तर त्यातला 'ऱ्य' बघा. तो दोन पद्धतींनी टाइप होतो, नुक्त्याच्या, म्हणजे खाली टिंब असलेल्या, 'ऱ'नं किंवा साध्या 'र'नंतर हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह देऊन. आपल्याला दोन्ही सारखेच दिसतात, पण शोध दोन्हींना एक समजेलच असं नाही. फाइलमधलाच शब्द कॉपी करून शोधाच्या चौकटीत टाका, म्हणजे त्याच पद्धतीनं लिहिलेले सगळे सापडतील. मग दुसऱ्या पद्धतीचे शोधून सगळे एकसारखे करून घ्या.