युद्ध संपल्यानंतरची रांग

मंडळी, युरोपातलं दुसरं महायुद्ध ८ मे १९४५ ला संपलं, हे आपण शाळेत पाठ केलंय. पण लंडनमधल्या एखाद्या गृहिणीला विचारलं असतं, "बाई, तुमच्या घरातलं युद्ध कधी संपलं?" तर तिने बहुधा ४ जुलै १९५४ ही तारीख सांगितली असती. त्या दिवशी ब्रिटनमध्ये मांसावरचं रेशनिंग उठलं. जर्मनीच्या शरणागतीला तेव्हा नऊ वर्षं होऊन गेली होती.

सेनापती, तह, परिषदा यांच्यावर पुष्कळांनी पुष्कळ बोलून ठेवलंय. मी आज स्वयंपाकघरापाशी थांबणार आहे. युद्धानंतरचा युरोप बदलला तो आधी रेशनच्या रांगेत आणि डोक्यावरच्या छपराच्या शोधात, कायदेकानू मागाहून आले, असं माझं मत आहे. पटलं नाही तर शेवटी भांडू.

ब्रिटनचंच बघा. जर्मन पाणबुड्या अटलांटिकमध्ये गव्हाची जहाजं बुडवत होत्या, तेव्हा तिथे पाव हवा तेवढा मिळत होता. पावाला कूपन लागायला लागलं ते जुलै १९४६ मध्ये, युद्ध जिंकून वर्ष उलटल्यावर, आणि ते पुढे दोन वर्षं चाललं. जगभर धान्याची टंचाई होती, शिवाय जर्मनीचा जो भाग ब्रिटनच्या ताब्यात आला होता, तिथल्या लोकांना जगवायचं कामही गळ्यात पडलं होतं. हरलेल्याला जेवू घालण्यासाठी जिंकलेला मोजून खात होता! त्यातच सरकारने दक्षिण आफ्रिकेहून स्नूक नावाच्या माशाचे डबे लाखोंनी मागवले. अन्नखात्याने त्याच्या पाककृती छापल्या. पण लोकांनी नाकं मुरडली, आणि शेवटी बरेच डबे मांजरांच्या वाट्याला गेले. मालवणात एखादीने तिरफळं घालून त्यातूनही मार्ग काढला असता, पण ते असो. चॉकलेट-गोळ्यांवरचं रेशनिंग एप्रिल १९४९ मध्ये उठवलं, तर दुकानांवर अशी धाड पडली की चार महिन्यांत ते परत लावावं लागलं. मुलांना मोकळेपणाने गोळ्या मिळाल्या त्या १९५३ मध्ये.

रेशन कार्ड आपल्याकडेही त्याच युद्धाने आणलं, मुंबईत १९४३ मध्ये. ब्रिटनमध्ये मात्र त्या कार्डाने एक वेगळीच गोष्ट घडवली. सरदाराच्या घरी आणि खाणकामगाराच्या घरी लोण्याचं माप एकच, निदान कागदावर तरी. काळाबाजार होताच, वशिलाही होता. पण सरकार मनावर घेतं तेव्हा प्रत्येक ताटापर्यंत पोचू शकतं, हे लोकांनी रोजच्या रोज पाहिलं. मग हीच माणसं म्हणू लागली, लोणी पोचतं तर डॉक्टर का नाही पोचत? ५ जुलै १९४८ ला ब्रिटनची मोफत राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली आणि झुंबड उडाली ती चष्म्यांसाठी आणि कवळ्यांसाठी. वर्षानुवर्षं लोक धूसर डोळ्यांनी आणि दुखऱ्या दातांनी दिवस काढत होते. कुणाला परवडत होतं?

आता हरलेल्यांकडे येऊ. जर्मनीत १९४६-४७ चा हिवाळा भयंकर होता. शहरं पडलेली, खिडक्यांना काचा नाहीत, आणि कार्डावर जे लिहिलंय ते दुकानात मिळेलच याची खात्री नाही. मार्क नावाचं चलन होतं, पण खरा व्यवहार अमेरिकन सिगारेटींवर चालायचा. लोण्याचा भाव सिगारेटींत, बुटांचा भाव सिगारेटींत. शहरातली माणसं गाड्यांना लोंबकळत खेड्यांत जायची आणि घरातलं घड्याळ, चादरी, चांदीचे चमचे देऊन बटाटे आणायची. कोळशाची मालगाडी सिग्नलला थांबली की पोरं वर चढून कोळसा खाली ढकलायची आणि खाली बायका पोती घेऊन उभ्या असायच्या. याला चोरी म्हणायचं का? कलोनचे कार्डिनल योसेफ फ्रिंग्स यांनी ३१ डिसेंबर १९४६ च्या प्रवचनात सांगितलं, की जीव आणि प्रकृती राखायला जे लागतं ते कष्ट करून किंवा मागून मिळतच नसेल, तर माणसाने ते घेतलं तरी चालेल. पुष्कळजण याच्या फार पुढे गेलेत, त्यांनी जास्तीचं परत करावं, असंही ते पुढे म्हणाले. ते दुसरं वाक्य लोकांनी सोयीस्करपणे ऐकलं नाही!

मग २० जून १९४८, रविवार. पश्चिम जर्मनीत नवा मार्क आला, सुरुवातीला माणशी ४०. सोमवारी सकाळी दुकानांच्या काचेआड भांडी, बूट, सायकलचे टायर, सगळं हजर! काल नव्हतं ते आज आलं कुठून? गोदामातून. व्यापारी नव्या पैशाची वाट बघत माल दाबून बसले होते. पुढे याला आर्थिक चमत्कार म्हटलं गेलं, पण त्या सोमवारी काचेसमोर उभ्या असलेल्या बाईच्या तोंडून काय निघालं असेल, हे मी व्यासपीठावरून सांगू शकत नाही. बँकेतली जुनी बचत जवळजवळ बुडाली, भाव चढले, आणि त्याच नोव्हेंबरात कामगारांनी महागाईविरुद्ध मोठा संप केला.

घरांची कथा याहून विचित्र आहे. पोलंडच्या सीमा उचलून पश्चिमेला सरकवल्या गेल्या. ब्रेस्लाऊ हे जर्मन शहर व्रोत्सवाफ झालं. तिथले जर्मन हाकलले गेले आणि त्यांच्या घरांत पोलिश कुटुंबं आली. त्यातली बरीच स्वतःच लवूफसारख्या पूर्वेकडच्या, तेव्हा सोव्हिएत झालेल्या गावांतून उखडून आलेली. क्षणभर डोळ्यांपुढे आणा: कपाटात दुसऱ्याची ताटं, माळ्यावर दुसऱ्याचे फोटो, रस्त्यावरच्या पाट्या रंग मारून पुसलेल्या. जर्मन परत आले तर, या धास्तीने कित्येकांनी बरीच वर्षं बोचकी पुरती सोडलीच नाहीत. वेडेपणा नव्हता तो. पश्चिम जर्मनीने ती सीमा मान्य केली १९७० मध्ये, आणि तिच्यावर अखेरचं शिक्कामोर्तब झालं १९९० मध्ये. दरम्यान व्रोत्सवाफच्या पडक्या इमारतींच्या विटा आगगाडीने वॉर्साला जात होत्या, राजधानी उभी करायला.

या कथेचं एक टोक आपल्या दाराशी आहे. कोल्हापूरजवळ वळिवड्याला १९४३ ते १९४८ या काळात सुमारे ५,००० पोलिश निर्वासित राहत होते, मुख्यतः बायका आणि मुलं. सोव्हिएत सत्तेने त्यांना घरांतून उचलून सैबेरिया, कझाकस्तानकडे नेलं होतं, तिथून ते इराणमार्गे इथे पोचले. युद्ध संपल्याची बातमी पंचगंगेच्या काठी आली तेव्हा बहुतेकांचं गाव पोलंडमध्ये उरलंच नव्हतं. थोडे पोलंडला गेले, बरेच ब्रिटन आणि इतर देशांत पांगले. शांततेचा करार झाला म्हणून घर परत मिळतं, असं नसतं.

इटलीत जरा हलकं वारं आहे. पोंतेदेरामधल्या पियाजिओच्या कारखान्यात विमानं बनायची. बॉम्बनी तो मोडला, आणि विमानांना गिऱ्हाईकही उरलं नाही. तेव्हा कोर्रादिनो दास्कानियो या हेलिकॉप्टरवाल्या इंजिनिअरला स्वस्त वाहन करायला सांगितलं. त्याला मोटारसायकल मुळीच आवडत नसे, म्हणूनच त्याने इंजिन झाकलं, पाय ठेवायला पुढे सपाट जागा केली आणि कपड्यांना तेल लागणार नाही, झगा घातलेली बाईही बसू शकेल अशी गाडी काढली. १९४६ ची ही व्हेस्पा. पुढे बजाजने परवाना घेऊन तीच आपल्याकडे बनवायला घेतली. समोर बसलेल्यांपैकी किती जणांनी स्कूटर तिरकी करून मग किक मारलीय, हात वर करा. बघा!

बायकांचा विषय मी मुद्दाम मागे ठेवला. फ्रान्समध्ये बायकांनी पहिल्यांदा मत दिलं २९ एप्रिल १९४५ ला, इटलीत राष्ट्रीय पातळीवर २ जून १९४६ ला. इटलीत मतपत्रिका ओली करून चिकटवायची होती, म्हणून त्यांना लिपस्टिक लावून येऊ नका असं सांगितलं गेलं, डाग पडून मत बाद व्हायला नको! ब्रिटनमध्ये दुसऱ्या मुलापासून पुढे दर मुलामागे आठवड्याला पाच शिलिंग भत्ता ठरला, तर तो वडिलांच्या नावे द्यायचा बेत होता. एलिनॉर रॅथबोन नावाच्या खासदार बाई हटून बसल्या, आणि पैसे आईच्या हातात देण्याचं ठरलं. ऑगस्ट १९४६ मध्ये पहिले पैसे वाटले गेले. रॅथबोनबाई जानेवारीतच गेल्या होत्या.

पण मताचा हक्क आणि पाकिटाची किल्ली एकत्र आली नाही. ज्या फ्रेंच बाईने १९४५ मध्ये मत दिलं, तिला नवऱ्याच्या संमतीशिवाय स्वतःच्या नावावर बँकेत खातं उघडायला १९६५ चा कायदा यावा लागला. पश्चिम जर्मनीत तर बायकोने नोकरी करावी, पण घरकामाला धक्का न लावता, हे कायद्याच्या पुस्तकात १९७७ पर्यंत होतं. शहरं उभी करताना याच बायका बादल्यांतून विटा वाहत होत्या, तेव्हा घरचा स्वयंपाक कोण करतंय, असं कुणी विचारलं नव्हतं.

प्रश्न असतील तर घेऊ या. मागच्या रांगेतून सुरुवात करू.