लागलीय, पण होत नाही

युरॉलॉजी ओपीडीबाहेरचा हा पॅसेज. बाटली हातात घेऊन फेऱ्या मारणारे हे सगळे काका-आजोबा पाणी पितायत आणि लघवी लागायची वाट बघतायत, कारण आतली टेस्ट चार थेंबांवर होत नाही, निदान 150 मिली तरी व्हायला हवी.

आत एक फनेल, खाली भांडं, त्याखाली सेन्सर. दार लावून घ्यायचं, नेहमीसारखी करायची, कुंथायचं नाही. सेकंदाला किती मिली पडतंय त्याचा आलेख मशीन काढतं. नॉर्मल आलेख घंटेसारखा चढतो-उतरतो. आणि हा काकांचा बघा, आधी बराच वेळ रेघ सपाट, मग बुटका उंचवटा, तोही 9 च्या वर नाही. 15 च्या पुढे गेला तर साधारण बरं, 10 च्या आत म्हणजे वाट अडलीय नाहीतर लघवीच्या पिशवीलाच जोर नाही, आणि यातलं नेमकं काय ते नुसत्या कागदावरून कळत नाही, म्हणून लगेच सोनोग्राफी, आत किती उरलीय बघायला.

पन्नाशीनंतर पहिला संशय प्रोस्टेटवर. मॉडेलमध्ये बघा, लघवीची नळी या ग्रंथीच्या मधूनच जाते. तरुणपणी साधारण 20 ग्रॅमची ग्रंथी वयानुसार वाढली की नळी दाबते. वाढ बहुतेकदा कॅन्सरची नसते, पण तपासल्याशिवाय तसं धरून चालायचं नाही.

आता ही काकांची गोळ्यांची पिशवी. सिस्टरनी टेबलावर ओतलीय. बीपीची गोळी, शुगरची गोळी आणि ही मेडिकलवाल्याकडून आणलेली सर्दीची. नाक मोकळं करणारं औषध लघवीच्या पिशवीचं तोंड आवळतं, सर्दी-खाजेच्या काही जुन्या गोळ्या तिचा जोर कमी करतात. प्रोस्टेट आधीच वाढलेलं असलं की दोन दिवसांच्या सर्दीत लघवी तुंबते, आणि घरचे म्हणतात वय झालं! वय काय एका रात्रीत होतं का?

तरुण मुलाला असा त्रास असेल तर आधी कधी नळी घातली होती का, गाडीवरून पडून मार लागला होता का, हे विचारतात, आतल्या व्रणाने नळी अरुंद होते. जुन्या शुगरमध्ये नसा बधिर होतात. बद्धकोष्ठ, इन्फेक्शन, बायकांमध्ये अंग बाहेर येणं हीपण कारणं आहेत. काहींना तर मागे कुणी उभं असलं की होतच नाही.

पोट फुगलंय, कळ येतेय आणि थेंब नाही, तर सकाळची वाट बघू नका, किडनीवर येतं.

आणि ओपीडीला येताना गोळ्यांची पिशवी आणा, सर्दीच्या पाकिटासकट.