एकोणीस हजार तास आणि पाच प्रॅक्टिकल

(चिंचवड परिसरातल्या एका कामगार वाचनालयाच्या व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महाराज, आणि पहिली पाळी करून, डबा न उघडता थेट इथे आलेल्या मंडळींनो,

पत्रिकेत विषय छापलाय, ‘नोकरी सांभाळून इंजिनीअर होण्याचे मार्ग’. मार्ग सांगणार आहे, घाबरू नका. पण आधी ही पिशवीतली वस्तू बघा. येताना रिक्षावाल्यानं विचारलं, काका, कुठं हाणामारीला निघालात का? म्हटलं, नाही बाबा, भाषणाला. तो म्हणाला, मग तर लागेलच. (हशा)

हा शाफ्ट आहे. २५ मिलिमीटर जाड, ५०० मिलिमीटर लांब. पुढच्या रांगेतून फिरू द्या. डोळ्याला सरळसोट दिसतो. पण दोन्ही टोकांना मायक्रोमीटर लावलात तर २५ बरोबर, आणि मधोमध २५.२२. आमचे वस्ताद म्हणायचे, शाफ्टला पोट सुटलंय.

मी आयटीआय टर्नर. एक वर्ष अ‍ॅप्रेंटिस, आणि १९८४ साली भोसरीत एका शेडमध्ये लेथवर, म्हणजे लोखंडाचा तुकडा (आमच्या भाषेत जॉब) गोल फिरवत कापायच्या यंत्रावर, उभा राहिलो. पहिल्याच महिन्यात असे चार शाफ्ट रिजेक्ट झाले. सुपरवायझर म्हणाले, मशीन तर ठीक आहे, तूच वाकडा आहेस. वस्तादांनी मात्र बाजूला घेतलं. सांगितलं, लांब जॉबचे लाड करावे लागतात. मध्ये स्टेडी लाव, म्हणजे टेकू दे, कट बारीक घे, आणि शेवटी कट न वाढवता टूल पुन्हा एकदा फिरव. फिरवलं, तर गंमत बघा, कट दिलेला नसतानाही मधल्या भागातून बारीक चिप निघाली! टोकांना काही नाही, मध्येच. मी विचारलं, असं का? वस्ताद म्हणाले, असंच असतं.

हे ‘असंच असतं’ मी आठ वर्षं खिशात घेऊन फिरलो.

मग १९९२ मध्ये संध्याकाळच्या डिप्लोम्याला नाव घातलं. त्यात स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स नावाचा विषय. सरांनी फळ्यावर दोन टेकूंवर ठेवलेली तुळई काढली, मधोमध वरून बाण मारला आणि लिहिलं, पी एल क्यूब बाय फॉर्टी एट ई आय. म्हणजे तुळई मध्ये किती वाकेल ते: रेटा गुणिले लांबीचा घन, भागिले अठ्ठेचाळीस ई आय; ई धातूचा, आय जाडीचा. वर्गातली निम्मी पोरं झोपलेली. सगळी कामावरून आलेली, दोष देत नाही. मी मात्र बाकावर ताठ बसलो. कारण ती तुळई नव्हतीच. तो माझा शाफ्ट होता! दोन टेकू म्हणजे लेथची दोन सेंटर, बाण म्हणजे माझं टूल. टूल रेटतं तसा शाफ्ट मागे सरकतो. टोकांना सेंटरचा आधार, तिथं सरकत नाही. मध्ये सरकतो, म्हणून मध्ये कमी कापलं जातं, म्हणून पोट. आणि टूल पुढे गेलं की शाफ्ट परत जागेवर येतो, म्हणून दुसऱ्या फेरीत कट न देताही चिप निघते.

त्या रात्री साडेअकराला घरी जाऊन आकडेमोड केली. टूलचा रेटा २० किलो धरला, तर हा शाफ्ट मधोमध साधारण ०.१३ मिलिमीटर हलतो. व्यासावर त्याच्या दुप्पट. लांबी निम्मी केली तर हलणं एक अष्टमांश. म्हणजे वस्ताद मध्ये स्टेडी लावायचे, तेव्हा ते लांबीचा घन हाताळत होते. त्यांना घन हा शब्द माहीत नव्हता एवढंच. मी बायकोला उठवून हे सांगितलं. ती म्हणाली, मग चार शाफ्टचे पैसे परत मिळणार का? (हशा)

माझं म्हणणं एवढ्यातच आहे. कॉलेजात पोराला आधी उत्तर मिळतं आणि प्रश्न मिळतो नोकरीत. मिळतो तोवर उत्तर विसरलेलं असतं. कामावरून वर्गात येणाऱ्याकडे प्रश्न आधीच असतो, घामासकट. त्याला शिकवायला निम्मा वेळ पुरतो. पण आपल्याकडे त्याच्याच वाट्याला दुप्पट वेळ. कसा, ते माझ्याच उदाहरणानं सांगतो.

डिप्लोम्याच्या पहिल्या वर्षी वर्कशॉप प्रॅक्टिस असतं. सुतारकाम, फिटिंग, टर्निंग. टर्निंगला तीन-तीन तासांचे सहा वार, म्हणजे सहा प्रॅक्टिकल, आणि त्यात करायचा एक जॉब: स्टेप टर्निंग, एकाच दांड्यावर पायरीपायरीनं कमी होणारा व्यास. मी तो पहिल्या वारी चाळीस मिनिटांत केला. त्यातली पंधरा मिनिटं त्या लेथचं टूल पोस्ट घट्ट करण्यात गेली. वर्कशॉपचे मास्तर भले माणूस. म्हणाले, तुमचं झालंय, तुम्ही कशाला उगीच येता, दुसरी पाळी करा. मी खूश. पाच वार गेलो नाही.

वर्षाअखेरीस नोटीस बोर्डावर यादी लागली. माझी टर्म ग्रँट झालेली नाही, म्हणजे परीक्षेला बसता येणार नाही. हजेरी कमी, जर्नल अपुरं. विभागप्रमुखांकडे गेलो. म्हटलं, साहेब, मी आठ वर्षं रोज हेच करतो. ते म्हणाले, कारखान्यातली हजेरी इथं चालत नाही. म्हटलं, जॉब बघा. म्हणाले, जॉब उत्तम आहे, पण नियम नियम आहे. एक वर्ष गेलं.

पुढच्या वर्षी मी परत पहिल्या वाराला. मास्तर मान खाली घालून होते; त्यांचा काही दोष नाही, तोंडी सांगणं रजिस्टरात उतरत नाही. त्यांनी नव्या पोरांना काचेच्या कपाटातून एक जॉब काढून दाखवला. म्हणाले, स्टेप असा निघाला पाहिजे, कोपरा बघा, फिनिश बघा. तो हातोहात फिरत माझ्याकडे आला. उलटा करून पाहिला. मागच्या बाजूला नंबर पंच केलेला होता. माझाच रोल नंबर, आदल्या वर्षीचा.

हिशेब करा. दिवसाचे ८ तास, वर्षाचे ३०० दिवस, ८ वर्षं. १९,२०० तास मी लेथवर उभा होतो. अडलं कुठं? पाच वारांच्या १५ तासांवर. शेवटी जर्नल बायकोनं उतरवून दिलं. माझ्या डिप्लोम्यात माझ्यापेक्षा तिचं अक्षर जास्त आहे.

इथं कुणीतरी हमखास उठून लक्ष्मणराव किर्लोस्करांचं नाव घेतं. आज अजून कुणी घेतलं नाही, म्हणून मीच घेतो. चित्रकार व्हायला मुंबईला गेले, रंग नीट ओळखता येत नव्हते म्हणून यांत्रिक ड्रॉइंगकडे वळले, आणि १९१० साली किर्लोस्करवाडी उभी केली. पदवी कुठं होती, असं म्हणतात. बरोबर आहे. पण कारखाना त्यांचा स्वतःचा होता हो! दुसऱ्याच्या कारखान्यात चार्जमन, म्हणजे कामगारांवर देखरेख करणारा, व्हायचं तर कागद लागतो. कागदाला नावं ठेवणारे सगळे एक तर मालक असतात किंवा व्याख्याते.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं राहिलीत. आता पत्रिकेतला विषय.

पहिला रस्ता अ‍ॅप्रेंटिसशिपचा. १९६१ साली महाराष्ट्रात औद्योगिक विकासाचा कायदा झाला, ज्यातून पुढे एमआयडीसी आली, आणि त्याच वर्षी केंद्रानं अ‍ॅप्रेंटिस कायदा केला. पहिल्या कायद्याची फळं आपल्या आजूबाजूला दिसतातच. दुसऱ्यात एक वाक्य आहे ते वाचून ठेवा: अ‍ॅप्रेंटिस हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नाही. म्हणजे वर्षभर तुमच्याकडून नुसती हमाली करून घेतली तर ते कायद्याच्या विरुद्ध आहे. मशीनवर शिकवा, असं म्हणायचा तुमचा हक्क आहे. ३० किंवा जास्त माणसं असलेल्या कारखान्याला आज मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के अ‍ॅप्रेंटिस घ्यावे लागतात. शेवटी परीक्षा देऊन राष्ट्रीय प्रमाणपत्र घ्या. अर्ध्यात सोडू नका, पगार दोन हजारांनी जास्त म्हणून तर अजिबात नको.

दुसरा रस्ता शिडीचा. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय केलेल्याला डिप्लोम्याच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. हा नियम माझ्या त्या पाच वारांवरचं सर्वात छान औषध आहे. डिप्लोम्यावरून पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला. आणि आता एआयसीटीईनं, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेनं, नोकरदारांसाठी कामाच्या वेळा सांभाळून चालणाऱ्या तुकड्यांना परवानगी दिली आहे. अनुभवाची आणि कामाचं ठिकाण कॉलेजच्या किती जवळ असावं याची अट असते, ती त्या त्या वर्षीच्या नियमात बघा. कॉलेजच्या माहितीपत्रकावर विसंबू नका.

तिसरा, एएमआयई, म्हणजे कॉलेजात न जाता इंजिनीअरांच्या संस्थेची परीक्षा. मी हाच केला, डिप्लोम्यानंतर. कोलकात्याची इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनीअर्स, १९२० ची संस्था. वर्ग नाही, कॉलेज नाही. सेक्शन ए आणि बी असे परीक्षेचे दोन टप्पे, पुस्तकं आणि तुम्ही. पण तिथं आता खड्डा आहे. नोकरीसाठी पदवीच्या बरोबरीची जुनी मान्यता ३१ मे २०१३ पर्यंत नाव नोंदवलेल्यांनाच आहे. ती तारीख न सांगता कुणी क्लास विकत असेल, तर उठून या. तसंच घरबसल्या इंजिनीअरिंगची पदवी. नोव्हेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं काही अभिमत विद्यापीठांच्या दूरशिक्षणातल्या अशा पदव्यांवर निकाल दिला. २००१ ते २००५ मध्ये प्रवेश घेतलेल्यांना पुन्हा परीक्षा, नंतरच्यांच्या पदव्या रद्द. त्यात नोकरी करून फी भरलेले कितीतरी होते.

दुसरी चिठ्ठी. हो, संपवतो.

२०२३ च्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात १२०० तासांच्या शिक्षणाला वर्षाचे ४० क्रेडिट, म्हणजे शिकण्याचे गुणांक, धरलेत, आणि कामाच्या अनुभवालाही वजन देण्याची सोय ठेवली आहे. मी वाचलं तेव्हा १९,२०० भागिले १२०० केलं. सोळा आले. चार वर्षांची पदवी म्हटली तर चार इंजिनीअर होतो की मी! (हशा) गणित असं चालत नाही, मला कळतं. आठ वर्षांत एकच शाफ्ट आठ हजार वेळा केला असेल तर ते शिकणं नव्हे. म्हणूनच कुणीतरी यावं, जॉब हातात घ्यावा, प्रश्न विचारावेत, आणि येतं म्हटल्यावर त्या विषयातून सोडवावं. तपासणारा मात्र लेथवर उभा राहिलेला हवा.

अध्यक्ष आता चिठ्ठी न लिहिता नुसतेच बघताहेत. शाफ्ट कुठपर्यंत पोचलाय? तिसऱ्या रांगेत. तो मला परत द्या, त्या चारांपैकी एवढाच राहिलाय.