परलोकातली वेठ

(दृश्य: निळ्या पुतळ्याचा चेहरा, अगदी जवळून)

हा रंग नीट पाहा. तीन हजार वर्षं झाली, निळाई उतरलेली नाही. कपाळावर काळ्या रेघेची पट्टी, छातीवर दुमडलेले हात, मुठींत कुदळी, पाठीवर टोपली. हा उशाब्ती, म्हणजे मेलेल्यासोबत थडग्यात ठेवायचा पुतळा. प्राचीन इजिप्तमधल्या थीब्ज शहराचा महायाजक आणि पुढे राजाची बिरुदं लावणारा पहिला पिनुजेम, त्याच्या दफनासाठी घडवलेला.

इजिप्तच्या लोकांची श्रद्धा होती की मेल्यावर माणूस मृतांचा देव ओसिरिस याच्या राज्यात जातो. तिथे लव्हाळ्यांचं शेत. जव पाच हात उंच, गहू सात हात. पण शेत म्हटलं की राबणं आलं. नाईलचा पूर ओसरला की कालवे उपसायला सरकारी वेठ असे. ती परलोकातही चुकत नाही, असं ते मानत. म्हणून हे बदली मजूर. त्यांच्यावर लिहायच्या मंत्राचा आशय असा: धन्याला शेत कसायला, पाणी द्यायला, पूर्वेची वाळू पश्चिमेला वाहायला बोलावलं, तर तू ओ द्यायचीस, ‘मी हजर आहे.’

(दृश्य: कारागिराचे हात, साचा, भट्टी)

आता हे हात पाहा. ही माती नाही. गारगोटीची बारीक पूड, थोडा चुना, नॅट्रॉन नावाचा क्षार आणि रंगासाठी तांबं. पाण्यात मळलं तरी हा गोळा चिकट होत नाही, बोटांखाली भुसभुशीत राहतो. तो भाजक्या मातीच्या उघड्या साच्यात दाबायचा, पाठ हाताने सारखी करायची. मग वाळू द्यायचं. घाई चालत नाही, कारण वाळताना क्षार आतून वर येतो आणि पांढरी साय धरते. भट्टीत तीच साय वितळून झिलई होते. बाहेरून काही चढवावं लागत नाही! डोळे, पट्टी, अक्षरं काळ्या रंगाने भाजण्याआधीच काढलेली असतात.

एकेका थडग्यासाठी असे शेकडो. राजा तुतनखामेनच्या थडग्यात ४१३ निघाले: वर्षाच्या प्रत्येक दिवसाला एक असे ३६५ मजूर, दर दहा जणांमागे एक असे ३६ मुकादम आणि बारा महिन्यांचे बारा वरिष्ठ.

कारागिरांना मोबदला काय? पुढच्या काळातला महायाजक दुसरा पिनुजेम, त्याची पत्नी नेसखोन्स हिच्या उशाब्तींबद्दल अमुन देवाचा कौल लाकडी फळीवर लिहिलेला आहे, तो असा: कारागिरांना दिलेलं तांबं, कपडे, भाकरी, मासे हीच या पुतळ्यांची मजुरी समजावी. आता त्यांनी तिचं काम केलंच पाहिजे. म्हणजे फुकट राबणं पुतळ्यांनाही लावलेलं नव्हतं. पुतळ्यांच्या हिशेबात घडवणाऱ्यांचे कष्ट असे नोंदले गेले, हे आम्हाला फार मोलाचं वाटतं.

(दृश्य: दीर अल-बहरीचा कडा)

इजिप्तवर राज्य करणाऱ्या ग्रीक टॉलेमी राजांच्या काळात ही प्रथा संपली. पहिल्या पिनुजेमचे पुतळे थीब्जजवळच्या या कड्यातल्या गुप्त खोलीत होते. ती खोली १८८१ मध्ये सरकारी अधिकाऱ्यांनी रिकामी केली. त्याआधी काही वर्षं तिथल्या वस्तू चोरून विकल्या जात होत्या. पिनुजेमचे मजूर आज अनेक देशांच्या संग्रहालयांत विखुरलेले आहेत.