ओम्नी डावीकडे का ओढते?

(दृश्य: साताऱ्यातलं एक गॅरेज. जुनी पांढरी ओम्नी आत येते.)

१९८४ मध्ये ‘मारुती व्हॅन’ या नावाने ही गाडी रस्त्यावर आली. १९८८ मध्ये ती ओम्नी झाली आणि २०१९ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. पण शाळेची मुलं, भाजीचे क्रेट, मंडपवाल्यांचं सामान अजूनही तिच्यातून ये-जा करतंय. इंजिन पुढच्या सीटखाली आणि चालक जवळजवळ पुढच्या चाकांवरच बसलेला. त्यामुळे पुढे काही सैल झालं, की ते आधी त्याच्या हातांना कळतं.

ही व्हॅन शाळेच्या मुलांची. काकांची तक्रार तिहेरी आहे. सरळ रस्त्यावर गाडी डावीकडे ओढते, खड्ड्यात खडखडते आणि जागेवर स्टेअरिंग फिरवलं की टणकन आवाज येतो. ‘दोन्ही शॉकअप (गाडीची उसळी थांबवणारे शॉक ॲब्सॉर्बर) बदला’ असा सल्ला त्यांना दुसरीकडे मिळालाय. मिस्त्रींनी मात्र अजून पानासुद्धा उचललेला नाही.

(दृश्य: टायरवरून फिरणारा हात.)

आधी हवा. मग टायर. मिस्त्री तळहात टायरवर आडवा फिरवतात, आतून बाहेर आणि बाहेरून आत. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने कडा टोचत असतील, तर टो, म्हणजे चाकांची पुढची टोकं आत-बाहेर वळण्याचं माप, बिघडलाय. एकच कड झिजली असेल तर संशय कॅम्बरवर, म्हणजे चाकाच्या उभ्या कलावर जातो. आणि टायरभर उंचसखल खळगे पडले असतील, तरच शॉकअपचा विषय काढायचा.

ओढण्यासाठी एक बिनखर्चाची परीक्षा आहे. पुढची दोन चाकं आपसात बदलायची आणि एक चक्कर मारायची. गाडी आता उजवीकडे ओढू लागली, तर दोष टायरचा. आज तसंच झालं. परत आल्यावर मिस्त्री दोन्ही रिमजवळ हात नेऊन बघतात. एक जास्त तापलेली असती, तर ब्रेक धरतोय असं समजलं असतं. दोन्ही सारख्याच कोमट आहेत.

(दृश्य: जॅक, मग घोडी.)

आता खडखड. नुसत्या जॅकवर गाडीखाली कुणी जात नाही, घोडी, म्हणजे गाडी तोलून धरणारा पक्का स्टँड, लावल्याशिवाय नाहीच. चाक घड्याळातल्या नऊ आणि तीनवर धरून हलवलं, तर टाय रॉड एंड (स्टेअरिंगचा दांडा चाकाला जोडणारा सांधा) किंवा रॅक (त्या दांड्यांना ढकलणारी पट्टी) यांतला प्ले, म्हणजे ढिलाई, हाताला लागतो. मग बारा आणि सहावर. डावं चाक हललं.

“ब्रेक दाब रे,” मिस्त्री पोऱ्याला सांगतात.

ब्रेक दाबल्यावर प्ले गेला असता, तर दोष चाक ज्यावर फिरतं त्या व्हील बेअरिंगचा. इथे गेला नाही. मिस्त्री टॉमी (लोखंडी पहार) घालून लोअर आर्म, म्हणजे चाक खालून धरणारा आडवा दांडा, हळूच उचकतात. बॉल जॉइंटच्या, म्हणजे आर्म आणि चाक जोडणाऱ्या गोल सांध्याच्या, फाटक्या रबरातून वाळलेलं ग्रीस दिसतंय आणि त्याची दांडी कपात वरखाली होतेय. ती कपातून निसटली तर चाक खालून सुटून आडवं पडतं, स्टेअरिंग हातात असून उपयोग नसतो. मुलांच्या गाडीत हे ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणण्यासारखं काम नाही, आणि मिस्त्री काकांना ते स्पष्ट सांगतात.

राहिला टणकन आवाज. पुढच्या चाकांनी चालणाऱ्या गाडीत वळताना कटकट झाली, की पहिला संशय ॲक्सलच्या जॉइंटवर जातो. ओम्नी मागच्या चाकांनी चालते, तिच्या पुढच्या चाकांत तो जॉइंटच नाही. गाडी खाली घेतली. पोऱ्या स्टेअरिंग फिरवतोय आणि मिस्त्रींची बोटं स्प्रिंगवर आहेत, दोन वेढ्यांच्या मध्ये नाहीत, बाहेरच्या बाजूला. स्प्रिंग स्ट्रटबरोबर (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेल्या उभ्या खांबाबरोबर) सावकाश फिरायला हवी. ही अडते, पिळली जाते आणि झटक्यात सुटते. स्ट्रटच्या माथ्यावरचं बेअरिंग गंजून अडकलंय. वळणानंतर स्टेअरिंग आपणहून सरळ येत नाही, हे काका आता सांगतात. कारण तेच.

(दृश्य: सुटलेला लोअर आर्म.)

आर्मच्या आतल्या टोकाचा रबरी बुशही चिरलाय, म्हणून अख्खा आर्मच नवा बसतो. इथे एक बारकावा घाईत सुटतो. बुशचा बोल्ट शेवटचा आवळायचा तो गाडी चाकांवर उभी केल्यावर. चाक लोंबकळत असताना आवळला, तर रबर पिळलेलंच राहतं आणि नवा बुश लवकर फाटतो.

शॉकअप जुनेच राहिले. तेल गळत नाही, पुढचा भाग दाबून सोडला तर एकदा वर येऊन थांबतो. ते पैसे एका नव्या टायरकडे वळले.

अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं, सगळ्यात शेवटी. सैल जॉइंटवर केलेलं माप पुढच्या खड्ड्यापर्यंतसुद्धा टिकत नाही. आणि ओम्नीसारख्या साध्या स्ट्रटच्या गाडीत नेहमीच्या अलाइनमेंटला फक्त टो हलवता येतो. कॅम्बर चुकलेला निघाला, तर वाकलेला भाग शोधावा लागतो. मशीनवरच्या आकड्याने तो सरळ होत नाही.